बटाटा निळा करणारे मावसा

आमचे दादाराव मावसा जेवायला बसले की आधी ताटातला बटाटा निळा करतात.

म्हणजे असं. पानं वाढून झालेली असतात, यजमान हात जोडून 'करा सुरू' म्हणत असतात, आणि मावसा सदऱ्याच्या खिशातून अंगठ्याएवढी तपकिरी बाटली काढतात. तिच्या ड्रॉपरनं भाजीतल्या बटाट्याच्या एका फोडीवर एक थेंब सोडतात. आयोडीनचा. थेंब असतो चहाच्या रंगाचा, पण बघता बघता फोड निळीकाळी होते, दाराच्या फटीत बोट सापडल्यावर नख होतं तशी. मावसा मान डोलावतात. "पिष्ट हाय," म्हणतात. ती फोड ताटाच्या कडेला सारतात आणि मग निवांत जेवायला लागतात.

बटाट्यात पिष्ट असतं हे मावसांना चाळीस वर्षांपासून माहीत आहे. इतक्या वर्षांत बटाट्यानं त्यांना एकदाही दगा दिलेला नाही. मी एकदा न राहवून विचारलं, "मावसा, रोज काय बघता? बटाटा काय बदलणार आहे का?"

"बटाटा न्हाई रे, बाटली तपासायलोय," मावसा म्हणाले. "आधी खात्रीच्या मालावर बघायचं, मग संशयाच्या मालावर."

आणि संशयाचा माल म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मावसा म्हणजे माझ्या आईच्या धाकट्या बहिणीचे, कौसामावशीचे यजमान. पाथरीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ते प्रयोगशाळा सहायक होते. जीवशास्त्र शिकवायला प्राध्यापक येत, बदलून जात, कुणी पीएचडी होऊन जात, कुणी सासऱ्याच्या कॉलेजात जात. मावसा तिथंच. परीक्षानळ्या धुणं, द्रावणं करून ठेवणं, अभ्यासक्रमात बेडकाच्या जागी झुरळ आलं तेव्हा झुरळं पकडणं, हे सगळं त्यांच्याकडे. नायट्रिक आम्ल सांडून सांडून उजव्या हाताची दोन बोटं टोकाला पिवळी झालेली असत. लोकांना वाटे, मावसा तंबाखू खातात. मावसा बोटं पुढे करून म्हणत, "आमलानं पिवळं पडलं म्हंजे प्रथिन हाय. येवढा पुरावा हाय आपल्यापाशी. मानूस हाय का न्हाई, त्ये दुसऱ्या टेस्टनं कळतंय."

निवृत्त होताना कॉलेजनं शाल दिली, पुस्तक दिलं आणि 'अजून काय हवं?' असं उगाच विचारलं. मावसांनी ती ड्रॉपरची बाटली मागून घेतली. शाल मावशीनं कुणाला तरी देऊन टाकली. बाटली मात्र सदऱ्याच्या खिशात, जिथं इतरांचा मोबाइल असतो तिथं. मोबाइल मावशीच्या पिशवीत.

आता मावसांचा एक जुना गुन्हा सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत मुलांसमोर चार नळ्या ठेवतात. एकीत पिष्ट, एकीत साखर, एकीत प्रथिन, एकीत मेद. कशात काय आहे ते मुलांनी रसायनं घालून, तापवून ओळखायचं. बाहेरगावचे परीक्षक खुर्चीत बसलेले. आणि आमचे मावसा बाकांमधून फडकं घेऊन फिरत. पोरांचं नुकसान नको म्हणून त्यांनी खुणा ठरवल्या होत्या. डोक्यावरून हात फिरवला की प्रथिन, कारण केस प्रथिनाचे. पोटावरून फिरवला की मेद, त्याचं कारण सांगायला नको. ओठ पुसले की साखर. कॉलर ताठ केली की पिष्ट, कारण कॉलरला खळ. तालुक्यातले निम्मे डॉक्टर या खुणांवर डॉक्टर झालेत, असं मावशी म्हणते, आणि म्हणून ती औषधाला परभणीला येते.

तर एका वर्षी मावशीनं नवं खोबरेल आणलं. ते काही मावसांना मानवलं नाही. परीक्षेच्या दिवशी डोकं असं खाजायला लागलं की मावसांनी फडकं टाकून दोन्ही हातांनी डोकं खाजवलं. पोरांच्या समोर नळीत द्रावण निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं झालं, शेवटी विटकरी लाल झालं. म्हणजे साखर 'मी साखर, मी साखर' म्हणून ओरडत होती. पण सगळ्या तुकडीनं पेपरावर लिहिलं, प्रथिन.

परीक्षक चक्रावले. "अरे, रंग बघितला का नाही?" त्यांनी एकाला विचारलं. पोरगं प्रामाणिक. म्हणालं, "सर, रंग लाल आहे, पण दादारावनी दोन हातानं सांगितलं."

दुसऱ्या दिवशी मावसांनी डोक्याचा चकोट करून घेतला. पोरांनी खुणा वाचायला काही उरलंच नको. मला म्हणाले, "पोरं नळीकडं न बगता माझ्याकडं बगायलीत. गुन्हा माझा हाय. हितून पुढं नळी सांगंल त्येच." त्या दिवसापासून निकालाच्या बाबतीत मावसा सख्ख्या भावाचं ऐकत नाहीत. खोटा निकाल म्हणजे त्यांच्या लेखी चोरीच्या वरचं पाप.

हे फार चांगलं तत्त्व आहे, पण लग्नकार्यात त्याचा फार त्रास होतो.

येलदरीला एका लग्नात बासुंदीची वाटी समोर आली. मावसांनी थेंब टाकला. बासुंदी निळी. मावसा उभे राहिले आणि पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पिष्ट हाय." आचारी झारा घेऊन धावत आला. झारा त्याच्या हातातून काढून घेईपर्यंत आमची अर्धी पंगत उठली होती. बसमध्ये मी म्हणालो, "मावसा, जरा हळू म्हणायचं की."

"रंगाला हळू-जोरात काय असतंय?"

"पण मुलीच्या बापाची इज्जत..."

"इज्जत बासुंदीत ठेवायची कामून म्हन्तो मी!"

पाहुण्याला ते जेवू घालतात तेही तसंच. ज्वारीच्या भाकरीचा पहिला घास तोंडात घेतला की हुकूम सुटतो, "गिळू नका. चावा. चावत ऱ्हा." पाहुणा चावतो. मावसा घड्याळ बघतात. पाच मिनिटांनी विचारतात, "गोड लागायलंय का?" पाहुण्यानं भीतीनं मान हलवली की मावसा खूश. "लाळंत अमायलेज असतंय. ते पिष्टाचे तुकडे पाडतंय, साखर करतंय. भाकरीत साखर व्हतीच, तुमी गिळायची घाई करायलात." कालवण तोवर थंडगार. मला त्यांच्याकडे जेवून एसटी गाठायची असली की मी भात मागतो. पण मावसा भातही चावायला लावतात.

सगळ्या जगाची त्यांनी चार गटांत वाटणी केलेली आहे. कर्बोदकी माणूस म्हणजे पटकन पेटतो, पटकन विझतो. निवडणुकीला उभा राहतो तो. प्रथिनी माणूस खरी कामं करतो, पण तापला की त्याची घडी मोडते, उकडलेल्या अंड्यासारखी, पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. न्यूक्लिक माणूस स्वतः काही करत नाही, केंद्रात बसून फक्त हुकूम छापून पाठवतो. माझे साहेब त्यातले. आणि चौथा मेदी माणूस. तो म्हणजे मी. "साठवून ठेवतंय, ऊब धरून बसतंय, पन पान्यात घातलं तर मिसळत न्हाई, वर तरंगतंय." मी पंचायत समितीत कनिष्ठ सहायक आहे. तरंगण्याबद्दल माझी तक्रार नाही.

"आणि मावशी?" मी विचारलं.

"तुजी मावशी यातल्या कशातच न्हाई. ती साबन हाय. येक टोक पान्याला धरतंय, येक तेलाला. तुमच्यासारखे तेलकट नि आमच्यासारखे कोरडे, सगळे तिच्यामुळं येका भांड्यात नांदतेत."

मावशी आतून म्हणाली, "व्हय, म्हनून तर रोज झिजायलेय."

मावसा-मावशींना मूलबाळ नाही. आमच्या घरात हा विषय कोणी काढत नाही. मावसा स्वतःच काढतात. "आमचा डीएनए आमच्यापाशीच ऱ्हायला. नक्कल काढून द्यायला कोनी गिऱ्हाईकच आलं न्हाई." असं म्हणून हसतात. आपणही हसावं की नाही, ते मात्र कळत नाही.

माझी पाथरीला बदली होती तेव्हा माझी मुलगी प्रज्ञा दुसरीत होती. शाळा दुपारी सुटायची, बायको नोकरीला, मी ऑफिसात. प्रज्ञा थेट मावसांच्या प्रयोगशाळेत जायची आणि उंच स्टुलावर पाय हलवत बसायची. इतर मुली भातुकलीत खोटा भात करत. ही खऱ्या भातावर आयोडीन टाकायची. घरी आली की "बाबा, तुमच्या बनियनला प्रथिन आहे का?" असं विचारायची. आम्ही परभणीला आलो, पोरगी शिकली, जीवरसायनात एमएस्सी झाली, आता इथंच एका पॅथॉलॉजीत रक्त-लघवी तपासते. ती मावसांना आबा म्हणते. सुट्टीच्या दिवशी पाथरीला गेली की दोघं ओट्यावर बसून बाजारचं दूध, तिखट, हळद तपासत बसतात. थेंब आबांनी टाकायचा, रंग हिनं सांगायचा.

तर प्रज्ञाचं जमलं. मुलगा वालूरचा, अमोल. वडील उत्तमराव. मंडळी सालस, दोघांची पसंती झालेली, आमच्यासारखीच बौद्ध. सगळं जुळलं. आणि उत्तमरावांचा धंदा काय? खव्याची भट्टी. पेढेसुद्धा घरचेच.

हे ऐकल्यावर माझ्या डोळ्यांसमोर मुलगी, जावई, मांडव यातलं काही आलं नाही. एक तपकिरी बाटली आली.

साखरपुडा आमच्या दारात होणार होता. आठ दिवस आधी मी पाथरीला गेलो आणि मावसांपुढे हात जोडले. "मावसा, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. ती माणसं पेढे घेऊन येणार. तुम्ही बाटली आणू नका."

"बाटली आननार."

"अहो!"

"आननार, पन काढनार न्हाई. सवय हाय. खिशात नसली तर मला उघड्यावानी वाटतंय."

मावशी म्हणाली, "तू फिकीर करू नको. म्या बसते बाजूला. हात खिशाकडं गेला की चिमटा काढते."

"तिच्या चिमट्याला मी काय भेत न्हाई," मावसा म्हणाले. "पन प्रज्ञीसाठी मंजूर."

मी निर्धास्त परतलो आणि लगेच स्वतः माती खाल्ली. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बायकोनं मला पेढे आणायला पाठवलं. नेहमीचं दुकान सांगितलं होतं. मी अर्ध्या वाटेत दुसरं बघितलं. पेढे मोठे, पांढरेशुभ्र, वर चांदीचा वर्ख आणि जरा स्वस्त. घासाघीस करून अजून थोडे पैसे कमी करून घेतले. आपण किती व्यवहारी आहोत, याचा आनंद मला घरापर्यंत पुरला. बायकोनं झाकण उघडून विचारलं, "इतके पांढरे कसे हो?"

"दूध चांगलं असेल," मी म्हणालो. पेढा उचलला तर हाताला खवा लागतच नव्हता, पिठूळ काहीतरी लागत होतं. तेही मला कळलं होतं. पण झाकण लावलं की विषय संपतो, अशी माझी ऑफिसातली सवय.

दुसऱ्या दिवशी वालूरची मंडळी दोन जीप भरून आली. त्रिशरण झालं, पंचशील झालं. मावसा पहिल्या रांगेत बसून सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात म्हणत होते. खोटं न बोलण्याचं शील आलं तेव्हा तर त्यांचा आवाज मांडवाबाहेर गेला. अंगठ्या घातल्या. टाळ्या वाजल्या. बायकोनं डोळ्यांना पदर लावला, तेवढ्यात मावसा उठले. त्यांना दोन शब्द बोलायचे होते. मावशीनं चिमटा काढला असावा, पण उपयोग झाला नाही.

"मंडळी," मावसा म्हणाले, "साखरंचे दोन कण जोडायचे म्हनलं तर त्ये असेच चिकटत न्हाईत. येकाचं थोडं, दुसऱ्याचं थोडं मिळून पान्याचा येक रेणू बाहेर टाकावा लागतो. तवा जोड बसते. म्हनून लग्नात बायामानसं रडतेत. कोनी थांबवू नका. पानी बाहेर पडल्याबिगर जोड पक्की व्हत न्हाई."

लोक हसले. उत्तमराव सगळ्यात जोरात. आणि हसता हसता त्यांनी विचारलं, "ते आयोडीनवाले मावसा, ते तुमीच का?"

मी मावसांच्या खिशाकडे पाहिलं.

"मीच," मावसा म्हणाले.

"मग थांबलाव कशाला? आमच्या भट्टीचा पेढा हाय ह्यो. तपासा की! सगळ्यांसमोर तपासा!"

मावसांनी माझ्याकडे पाहिलं. शब्द दिलेला होता. पण खुद्द व्याहीच ताट पुढे करून उभे; मी काय नको म्हणणार? मी होकारार्थी मान हलवली. बाटली बाहेर आली. मांडवातली निम्मी माणसं खुर्च्या सोडून जवळ आली. मावसांनी आधी आचाऱ्याकडून बटाट्याची फोड मागवली, ती निळी केली, मग पेढा बशीत मोडला. मधला एक काळा दाणा नखानं बाजूला काढला. "येलदोड्यात बी पिष्ट असतंय. त्याचा आळ खव्यावर नको." थेंब टाकला. सगळे वाकले. थेंब जसाच्या तसा, चहाच्या रंगाचा.

"निर्मळ हाय," मावसा म्हणाले. "अस्सल."

उत्तमरावांची छाती अशी फुगली की कोटाचं बटण मी नजरेनं धरून ठेवलं. टाळ्या झाल्या. मी मोठा श्वास सोडला. तो पुरता सोडून व्हायच्या आत उत्तमराव म्हणाले, "आता मुलीकडचा बी होऊन जाऊ द्या, मावसा! बरोबरी ऱ्हायली पायजे!"

गंमतीनं म्हणाले हो. त्यांच्या मनात काही नव्हतं. माझ्या मनात मात्र दुकान, वर्ख, झाकण, सगळं होतं. खव्यात जन्म गेलेल्या माणसाच्या घरी मुलगी द्यायची आणि त्याच्या तोंडात खळ घालायची. सून आली की रोज त्या घरात निघेल, 'हिच्या बापानं पिठाचे पेढे वाटले होते.' मी मरेपर्यंत निघेल. मेल्यावरही पेढे वाटतील त्या दिवशी निघेल.

"कशाला, कशाला," मी म्हणालो.

"बाबा, होऊ द्या की," प्रज्ञा स्टेजवरून म्हणाली. हसत होती. तिचा बापावर विश्वास.

मावसांनी आमच्या ताटातला पेढा उचलला. बोटांत धरला, चोळला. चाळीस वर्षांची बोटं ती; त्यांना तिथंच कळलं असणार. पण हात थांबला नाही. थेंब टाकला. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. पेढ्याची कड मला निळी पडताना दिसली.

आणि मावसांनी तो अख्खा पेढा तोंडात टाकला.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग मांडवात हशा पिकला. "अहो, रंग तरी बघू द्यायचा!" उत्तमराव मांडीवर थाप मारून म्हणाले. मावसांनी तोंड बंद ठेवून हाताची बोटं जुळवली, डोळे मिटले आणि 'काय सांगू' अशी मान डोलावली. म्हणजे इतका चवदार, की परीक्षेचीही वाट बघवली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंचशील म्हणून अर्धा तास झाला नव्हता.

बायकोनं मात्र टाळी वाजवली नाही. तिनं एकदा पेढ्यांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. पुढचे पंधरा दिवस कसे जाणार, ते मला तिथंच समजलं.

त्यानंतर मावसा बोलले नाहीत. एक अक्षर नाही. आलेल्या पाहुण्यांना नुसते हात जोडायला लागले. कुणी काही विचारलं की डोळ्यांनी हसायचे. मावशी म्हणाली, "तोंडात काय मूग धरलेत का?" मावसांनी तिलाही हात जोडले. ते बघून मावशी घाबरली. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी तिला हात जोडले होते.

मी जवळ जाऊन बसलो. तेव्हा लक्षात आलं. गाल आतून हलत होते. मावसा अमायलेजची वाट बघत होते. लाळेनं पिष्टाचे तुकडे केले की निळा रंग आपोआप जातो, हे त्यांनीच शंभर वेळा सांगितलेलं. दोन-चार मिनिटांचं काम. पण घाम फुटला होता त्यांना, आणि तोंडाला कोरड पडली होती. हयातभर सगळ्यांना लाळेचं महत्त्व सांगितलं आणि ऐन वेळी स्वतःची लाळच गायब. बोलावं तर निळी जीभ दिसणार. पाणी मागायला तोंड उघडावं लागणार, आणि खूण केली तर समोरचे लोक त्यांना दुसरा पेढाच देत होते.

त्यात फोटोग्राफर आला. "आजोबा, मुलीसोबत या. हं, जरा हसा. दात दिसू द्या की आजोबा!"

मावसांनी ओठ मिटून असं काही हसू काढलं की दाढ दुखतेय असं वाटावं. प्रज्ञानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही. नळी उजेडात धरून बघतात तसं पाहिलं. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात एक निळसर रेघ होती. तिनं पदर सावरला, अमोलला काहीतरी सांगितलं आणि आत गेली. जाताना आबांचा हात धरून घेऊन गेली.

मी दोन मिनिटांनी मागोमाग गेलो. मागच्या मोरीशी दोघं उभे होते. मी दाराच्या अलीकडेच थांबलो. प्रज्ञानं स्वयंपाकातली दोन लिंबं पेल्यात पिळली होती.

"चूळ भरा, आबा. धरून ठेवा तोंडात. गिळू नका."

मावसांनी चूळ धरली. गाल फुगवून उभे राहिले, शाळेतल्या पोरासारखे. थुंकले. पुन्हा धरली. मग तिनं हनुवटीला हात लावून तोंड उघडायला लावलं, मोबाइलचा उजेड पाडला.

"जीभ बाहेर काढा. हं. जायलाय रंग. लिंबातलं सी जीवनसत्त्व आयोडीनला धरतं, निळं ऱ्हात न्हाई. कोणी शिकवलंय?"

"म्या," मावसा म्हणाले. तासाभरातला त्यांचा पहिला शब्द.

"मग एवढा वेळ काय करत होता?"

"ध्यानातच आलं न्हाई, माय. हात-पाय गळाले व्हते." मग म्हणाले, "नमुना खराब व्हता."

"मला कळलं."

"आज म्या खोटा निकाल दिला, प्रज्ञे."

तिनं त्यांच्या हनुवटीवरचं पाणी पदरानं पुसलं.

"तुज्या बापाला काय म्हनू नको बरं का," मावसा हळू आवाजात म्हणाले. मी त्यांचा हळू आवाज पहिल्यांदाच ऐकत होतो. "त्यो चांगलंच समजून आनला असंल. मनाला लावून घेतंय ते लेकरू."

लेकरू म्हणजे मी. मला बावन्नावं चालू आहे.

"न्हाई म्हणत," प्रज्ञा म्हणाली.

"आन् अजून येक. तू चाललीस. प्रयोगाला दोन मानसं लागतेत. येक थेंब टाकनारा, येक रंग सांगनारा. येकट्याला रंग दिसतो, पन त्यो खरा दिसायलाय का मनातला, ते कळत न्हाई. मग मी आता..."

प्रज्ञा म्हणाली, "वालूर काय लांब आहे, आबा? महिन्यातून एक रविवार माझा. तुम्ही सेलूपर्यंत या, तिथून जीप मिळते. उत्तमरावांना भट्टीचा खवा तपासायला माणूस हवाच आहे, मी विचारून ठेवलंय."

"विचारलंस? कदी?"

"पसंतीच्याच दिवशी. ते हो म्हणाले, तेव्हा मी लग्नाला हो म्हणाले."

मावसांनी पेल्यात उरलेलं लिंबू एका दमात पिऊन टाकलं आणि तोंड वाकडं केलं.

मांडवातून मावशीची हाक आली, "अहो, कुठं गेलाव? लोकं जेवायला थांबलेत!"

ते वळले आणि दारात मी. दोघांची नजरानजर झाली. मी तिथं कधीपासून आहे, ते त्यांनी विचारलं नाही. बाटली खिशात नीट सारली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि नेहमीच्या, पंगतीला ऐकू जाणाऱ्या आवाजात म्हणाले, "काय बगायलास? पेढा चांगला व्हता."

"हो, मावसा," मी म्हणालो. "दुकान खात्रीचं आहे."

आणि आम्ही दोघं खोटारडे हात धुऊन जेवायला गेलो.